नियमात जागा आहे, फॉर्ममध्ये नाही : आईची दोन नावं आणि बँकेचं पोर्टल

जायांचीमाळ (धागाकर्ती)

गेले तीन आठवडे डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून हा धागा काढतेय. जरा लांब आहे, पण कृपया पूर्ण वाचा. कोणाला मार्ग माहीत असेल तर हवाच आहे.

पपा श्रावणात गेले. एका बँकेत त्यांची मुदत ठेव होती (बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही), नॉमिनी आई. पावती जपून ठेवलेली, मृत्यूचा दाखला हातात. शाखेत जाऊन अर्ज दिला की झालं, असं मला वाटलं होतं. शाखेत म्हणाले, आता सगळं पोर्टलवरून. आधी नॉमिनीच्या नावाने पोर्टलवर खातं उघडायचं, मग दावा दाखल करायचा.

आईचा जन्म १९४८ चा. तिची माहेरची आणि सासरची नावं वेगळी. आडनाव वेगळं असतंच, मी पहिल्या नावाबद्दल बोलतेय. इथे नावं बदलून लिहिते: माहेरी ती शांता, सासरी सुमती. १९६९ साली लग्नात पपांनी ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने 'सुमती' लिहिलं आणि त्या दिवसापासून ती वाड्यावर, देवळात, रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि शेवटी आधारवर सुमती झाली. गोव्यात फोंडा भागात आईच्या पिढीतल्या किती बायकांचं असं आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको.

पण जन्माचा तेओर, म्हणजे जन्मनोंदीचा उतारा, पोर्तुगीज काळातला. त्यात ती शांता, आणि स्पेलिंग एक्स-ए-एन-टी-ए, कारण पोर्तुगीजात आपला 'श' एक्सने लिहायचे. आडनावातलं 'नाईक' क्यू-यू-ईने संपतं. सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाची नोंद झाली तीही याच नावाने, कारण सही करायला ती शांता म्हणूनच बसली होती. तांदळावरचं नाव रजिस्टरात कधी गेलंच नाही.

पपा शाळामास्तर. दुरुस्तीला दिलेल्या छत्रीच्या चिठ्ठीवरसुद्धा तारीख घालून ठेवणारा माणूस. नॉमिनीच्या रकान्यात कोणतं नाव लिहायचं, याचा त्यांनी नक्की विचार केला असणार. लग्नाच्या दाखल्यावर होतं तेच नाव, त्याच स्पेलिंगने, एक्स आणि क्यूसकट लिहिलं. सरकारी कागदावरचं नाव म्हणजे पक्कं नाव, असा त्यांचा हिशेब.

आता पोर्टल. आधारचा नंबर टाकला की नाव आपोआप येतं: सुमती. ते बदलता येत नाही. खाली ठेवीचा नंबर टाकला की लाल अक्षरं येतात, नॉमिनीचं नाव जुळत नाही, कारण निवडा. कारणं चार. 'विवाह' निवडलं तर फक्त आडनावाची चौकट उघडते, पहिलं नाव करडंच राहतं. 'स्पेलिंगमधील चूक' निवडलं तर दोन-तीन अक्षरांपलीकडे फरक चालत नाही. 'घटस्फोट' हे तिसरं. चौथं 'अन्य'. ते निवडलं की पानावर एकच ओळ येते: कृपया आपल्या शाखेशी संपर्क साधा. शाखेत गेलं की म्हणतात, पोर्टलवरून करा.

तीन वेळा शाखेत गेले. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलीने स्वतःचा स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला. तिच्याकडेही तीच चार कारणं होती. तिचा दोष नाही.

आई शेजारी बसून सगळं बघत होती. चष्मा पुसून तिने ती लाल ओळ मला परत वाचायला लावली आणि म्हणाली, "चूक कशी? दोन्ही माझीच नावं."

भाऊ म्हणतो, आधारवरच नाव बदलून शांता करूया. म्हणजे एका ठेवीसाठी पेन्शन, रेशन, मतदान, दुसरं बचत खातं, सगळीकडे ती परकी होणार. शिवाय आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. मला हे पटत नाही. कोणी यातून गेलंय का?

---

केरीची_लाट

वाचून गलबललं. माझ्या मामीचंही असंच, माहेरी एक नाव, सासरी दुसरं. तिच्या वेळी शाखेतले लोक तिला ओळखत होते म्हणून निभावलं. आता ओळखणारं कोणी उरलं नाही आणि फॉर्मला कोणी ओळखीचं नसतं.

---

रायबंदर_फेरी

ताई, मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, आता निवृत्त. तुमच्या बँकेत नव्हतो. पण काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

नाव बदललेल्या माणसासाठी रिझर्व्ह बँकेच्या केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, नियमांत जागा आहे. ओळखपत्र निघाल्यानंतर नाव बदललं असेल आणि सोबत राज्य सरकारचा विवाहाचा दाखला किंवा राजपत्रातली अधिसूचना जोडली, तर ते ओळखपत्र चालतं. त्यात 'नाव' असा शब्द आहे, 'फक्त आडनाव' असं कुठेही नाही. पोर्टल बनवणाऱ्याने विवाह म्हणजे आडनाव एवढंच धरलं. चूक तिथे आहे.

तुमच्या आईंची अडचण जरा पुढची आहे. त्यांच्या विवाहाच्या दाखल्यावर नवं नाव नाहीच, त्यामुळे नुसत्या दाखल्याने दोन नावं जोडली जात नाहीत. अशा वेळी आम्ही 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र घ्यायचो. त्यासोबत विवाहाचा दाखला, आधार, आणि दोन्ही नावं ज्यात आहेत असा एखादा कागद. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव काय आहे ते बघा. कधी मोठ्या मुलाच्या वेळी एक आणि धाकट्याच्या वेळी दुसरं असतं. माझ्या नोकरीत याच कागदाने किती जणींचं काम झालं.

आणि नॉमिनी असताना वारसा दाखला मागू देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने मृत ग्राहकांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले. सगळे कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाल लावायचा, बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई द्यायची. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख घाला. तुमचे पपा करायचे तसंच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नॉमिनी पैसे स्वीकारतो ते विश्वस्त म्हणून, मालकीचा प्रश्न त्याने सुटत नाही. गोव्यात पत्नीचा निम्मा वाटा तसाही तिचाच असतो. घरात वाद नसेल तर याची काळजी नको.

---

जायांचीमाळ

खूप खूप आभार, रायबंदर_फेरी. माझ्या जन्मदाखल्यावर आई सुमती आहे. दादाच्या दाखल्यावर काय आहे ते आज रात्री बघते. वाद काही नाही, आम्हाला फक्त तिचे पैसे तिच्या हातात द्यायचे आहेत.

---

मोले_नाका

माझा प्रश्न लहान आहे पण जात तीच.

आमचा गाव धारबांदोडा तालुक्यात. पूर्वी आम्ही सांगे तालुक्यात होतो, आता धारबांदोडा वेगळा तालुका आहे आणि सगळ्या सरकारी दाखल्यांवर तसंच येतं. गेल्या वर्षी एका कंपनीच्या साइटवर पंपाच्या वॉरंटीसाठी खातं उघडायला गेलो. तालुक्याच्या यादीत धारबांदोडा नाही. यादी जुनी. तालुका निवडल्याशिवाय पान पुढे जात नाही. शेवटी सांगे निवडलं. रस्त्याचं नाव सक्तीचं. आमच्या वाड्यावर रस्त्याला नाव नाही, वाड्याला आहे. तिथे 'देवळाकडे' लिहिलं. घर नंबरात तिरकी रेघ चालेना, म्हणून १४७/२ चं १४७२ केलं.

चार महिन्यांनी पंप बिघडला. त्यांचा माणूस सांगेला जाऊन १४७२ नंबरचं घर शोधत फिरला. मग पत्ता पडताळायला रहिवासी दाखला मागितला, त्यावर धारबांदोडा आणि १४७/२. उत्तर आलं की तुम्ही दिलेली माहिती कागदपत्रांशी जुळत नाही, वॉरंटी थांबवली आहे.

खोटी माहिती मी दिली हे खरंच. पण ती त्यांनी माझ्याकडून भरून घेतली. खरी माहिती घ्यायला त्यांच्याकडे जागा नव्हती. भर भाताच्या दिवसांत पंधरा दिवस पाण्याविना गेले.

---

केरीची_लाट

"त्यांनी माझ्याकडून भरून घेतली"... अगदी हेच.

---

अल्तिन्यो

सगळ्यांच्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे. पण दुसरी बाजूही मांडतो. रोज कोणाच्या ना कोणाच्या खात्यातून पैसे जातात. माझ्या शेजारच्या आजोबांचे साडेचार लाख फोनवर बोलता बोलता गेले. बँकेने नावं सैल धरली, 'अन्य' लिहून काहीही चालवलं, तर उद्या कोणीही येऊन म्हणेल की मीच ती शांता. कडक फॉर्म त्रासदायक असतो, पण त्याच्यामागे कारण असतं.

---

रायबंदर_फेरी

अल्तिन्यो, तुमच्या शेजाऱ्यांचं वाईट झालं. पण या फॉर्मने कोणाला अडवलं ते बघा. ज्या बाईने खरं सांगितलं ती अडली. तिने 'स्पेलिंगमधील चूक' निवडून काहीतरी जुळवलं असतं तर कदाचित पुढे गेली असती. फसवणारा माणूस नावं जुळवूनच येतो, त्याच्या कागदांत कधी विसंगती नसते. पडताळणी कडकच हवी. पण ती कागद बघून, माणूस बघून करायची असते. रकाना बंद करून ठेवला म्हणजे पडताळणी झाली असं नाही.

---

अल्तिन्यो

हा मुद्दा मान्य. खरं सांगणाऱ्याला वाट हवी. मी ती वाट कोणीही वापरेल याच्या भीतीने लिहिलं होतं.

---

समई

मी एकटी आई आहे. मुलीच्या वडिलांचं नाव मी कुठेही लिहीत नाही, का ते इथे सांगणार नाही. पॅनच्या अर्जात वडिलांचं नाव सक्तीचं होतं, ते २०१८ च्या ५ डिसेंबरपासून आई एकटी पालक असेल तर राहिलं नाही. पासपोर्टला २०१६ च्या अखेरीपासून आई किंवा वडील, एकाचं नाव पुरतं. म्हणजे आयकर खात्याने आणि परराष्ट्र खात्याने ऐकलं.

पण मुलीच्या नाचाच्या परीक्षेचं खातं उघडायला गेले तर 'वडिलांचे नाव' सक्तीचं, लाल चांदणीसकट. ई-मेल केला. उत्तर आलं, 'कृपया एनए लिहा.' म्हणून एनए, म्हणजे 'लागू नाही', लिहिलं. परीक्षेच्या दिवशी हजेरीच्या कागदावर तिच्या नावाच्या मधोमध ती दोन अक्षरं छापून आली आणि बाईंनी ती तशीच मोठ्याने वाचली. नऊ वर्षांची आहे ती. घरी येऊन विचारते, हे माझं नाव कधी ठेवलं?

एवढंच लिहायचं होतं.

---

केरीची_लाट

समई, तुझ्या लेकीला खूप प्रेम.

---

पर्वरीचा_प्रोग्रामर

हा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. मी हेच काम करतो, गेली अकरा वर्षं असले फॉर्म बनवतोय. आत काय घडतं ते सांगतो. सफाई देत नाही, पण कळलं तर कुठे बोट ठेवायचं ते ठरवता येईल.

फॉर्म सुरू होतो एका काल्पनिक ग्राहकापासून. त्याला एक नाव, एक आडनाव, एक चालू मोबाइल, एक पत्ता, पूर्ण जन्मतारीख. चाचणी घेताना आम्ही त्याचीच माहिती पुन्हा पुन्हा भरतो. ती प्रत्येक वेळी पुढे जाते, म्हणून फॉर्म चालतो असं ठरतं. जो अडतो तो खातं उघडूच शकत नाही, म्हणून आमच्या आकड्यांत तो दिसत नाही. आमच्या तक्त्यात तो 'अर्धवट सोडलेला अर्ज' असतो. समईताईंसारखा ई-मेल आला तरच कळतं, आणि तो ई-मेल आमच्यापर्यंत येतच नाही. मदतकक्षातला माणूस 'एनए लिहा' म्हणतो आणि तक्रार बंद करतो.

लाल चांदणी लावणं म्हणजे एका शब्दाचं काम. ती लावताना 'ही माहिती कशाला हवी?' असं कोणी विचारत नाही. जुन्या फॉर्मात होती म्हणून नव्यात येते. तालुक्यांची यादी कोणीतरी कधीतरी कुठून तरी उतरवून घेतलेली असते. ती ताजी ठेवायची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते. तिरक्या रेघेला बंदी असते कारण वर्षांपूर्वी कोणीतरी सुरक्षेसाठी सगळी चिन्हं सरसकट बंद केली, आणि ती बंदी उठवायला कोणी धजत नाही.

जन्मतारखेचा घोळ मी स्वतः केलाय. आधारवर काही वयस्क लोकांचं फक्त जन्मवर्ष असतं, कारण नेमकी तारीख ठाऊक नसते. माझ्या फॉर्मात दिवस आणि महिना सक्तीचा होता. लोकांनी १ जानेवारी टाकली. मग दुसऱ्या कागदावर १ जून आली आणि जुळेना. वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था नावांबद्दल फार आधीपासून सांगत आलीय की जगातली सगळी नावं पहिलं-मधलं-आडनाव या साच्यात बसत नाहीत, शक्य तिथे पूर्ण नावासाठी एकच चौकट ठेवा. हे मी वाचलं होतं. तरी तीन चौकटी केल्या, कारण ग्राहक कंपनीला तीन हव्या होत्या.

जायांचीमाळताई, तुमच्या बँकेच्या पोर्टलमधलं 'अन्य' बघून मला जास्त राग आला. 'अन्य' ठेवणाऱ्याला माहीत होतं की बाकी तीन कारणांत न बसणारी माणसं येणार. माहीत असूनही मागे कोणाला बसवलं नाही. त्या दाराआड माणूस हवा होता.

---

तारवटी_७

सध्या बोटीवर आहे, उपग्रहाच्या नेटवरून लिहितोय. नेट आहे पण मोबाइलचं नेटवर्क नाही, आणि ओटीपी येतो एसएमएसने. भारतातलं सिम कार्ड कपाटात पडून आहे. बंदर लागलं की फोन सुरू करतो, तोवर ओटीपीची मुदत संपून कैक दिवस झालेले असतात.

खात्यात 'सध्याचा पत्ता' सक्तीचा. माझा सध्याचा पत्ता म्हणजे बोट. देशांच्या यादीतून एक देश निवडायचा, गेल्या महिन्यात तीन देश झाले. गोव्यात घराघरात तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, आहेत, आजोबांच्या काळापासून. आम्ही काही जगावेगळी माणसं नाही.

रिझर्व्ह बँकेने डिजिटल पेमेंटच्या पडताळणीबद्दल २०२५ मध्ये जे निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात ओटीपी एसएमएसनेच आला पाहिजे असं नाही. दुसरे मार्ग चालतात. पण माझ्या खात्यात दुसरा मार्ग निवडायची सोय येईल तेव्हा खरं. तोवर बायको माझा फोन घेऊन बसते आणि आलेला ओटीपी व्हॉट्सॲपवर पाठवते. ओटीपी कोणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजात लिहिलेलं असतं.

---

हिशेबनीस_मडगाव

अल्तिन्योंच्या मुद्द्यावरून एक उदाहरण आठवलं, चांगलं उदाहरण.

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, त्यामुळे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. बाकी देशात असं नाही. म्हणजे देशभराच्या कोणत्याही फॉर्मच्या दृष्टीने अख्खा गोवा 'अपवाद'च. पण १९६१ च्या आयकर कायद्यात आपल्यासाठी कलम ५अ घातलं गेलं. ते १९९४ च्या वित्त कायद्याने आलं आणि १९६३ पासून लागू धरलं. पगार सोडून बाकी उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज वगैरे, दोघांत निम्मं निम्मं. आयकराच्या विवरणपत्रात त्यासाठी वेगळी अनुसूची ५अ आहे. जोडीदाराचा पॅन लिहायचा, उत्पन्नाची विभागणी दाखवायची. व्याजावर कापलेला कर बँकेने एकाच्याच नावावर दाखवलेला असतो, तोही दोघांत वाटून घेण्याचा रकाना आहे.

मुंबई-पुण्याचे सीए हा रकाना बघून मला फोन करतात, हे काय आहे म्हणून. एवढ्याशा गोव्यासाठी देशाच्या फॉर्मात जागा झाली. म्हणून कोणी म्हणालं की सगळ्यांसाठी रकाने करणं शक्य नाही, तर मला ते पटत नाही.

उलट बाजूही रोज दिसते. खाजगी कंपन्यांच्या कर्जाच्या फॉर्मात 'मालक : एकटा / संयुक्त' असं असतं. नावावर घर एकाच्या, पण दुसऱ्याच्या संमतीवाचून विकता येत नाही, ही आपली स्थिती. 'एकटा' लिहिलं तर अर्धवट, 'संयुक्त' लिहिलं तर खरेदीखताशी जुळत नाही. अशिलांना मी सांगतो, खरेदीखतावर आहे ते लिहा आणि वेगळ्या कागदावर खुलासा जोडा. कागद जोडायची सोय नसेल तर तो खुलासा ई-मेलने पाठवून ठेवा. पुढे कोणी विचारलं तर दाखवायला हाती काहीतरी असतं.

---

ऐकणारा

मला दिसत नाही, फोन बोलून दाखवतो. धागा काल ऐकला. आमच्यासाठी रकान्याच्याही आधी दार बंद होतं. चित्रातली अक्षरं ओळखा, कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवा. चेहरा चौकटीत आणायचा, पण चौकट कुठे आहे ते फोन बोलत नाही.

ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या, डोळे मिचकावता न येणाऱ्या काही जणी आणि एक अंध वकील सर्वोच्च न्यायालयात गेले होते. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि वीस निर्देश दिले. माणूस समोर जिवंत आहे हे ओळखायला डोळे मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, आणि कागदावरची केवायसी चालू ठेवा, हे त्यात आहे.

ताई, तुमच्या आईंचं प्रकरण वेगळं आहे. पण 'आता फक्त पोर्टलवरूनच' असं कोणी म्हणालं की त्यांना लेखी द्यायला सांगा. मी सांगतो. आजवर कोणी लेखी दिलेलं नाही, आणि त्यानंतर कागदी फॉर्म कुठून तरी निघतोच.

---

जायांचीमाळ

दादाचा जन्मदाखला सापडला. १९७१ चा. त्यात आई शांता आहे, आणि एक्सनेच. माझ्यात सुमती. वडिलांचं नाव दोन्हीत एकच, घर तेच. रायबंदर_फेरी, तुम्ही सांगितलं नसतं तर त्या ट्रंकेकडे मी वळलेच नसते. उद्या फोंड्याला नोटरीकडे जातोय.

---

जायांचीमाळ

सगळ्यांना सविस्तर सांगते.

सोमवारी आईला घेऊन शाखेत गेले. ऐकणारा यांनी सांगितलं तसं विचारलं, फक्त पोर्टलवरूनच होईल असं लेखी द्या. मॅनेजर आत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले आणि कागदी फॉर्म दिला. छापलेला, चार पानी. तो होताच त्यांच्याकडे.

प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला, दोन जन्मदाखले, आधार, मृत्यूचा दाखला. काउंटरवरच्या त्या मुलीने सगळे कागद ओळीने मांडले आणि प्रत्येकातल्या नावाखाली पेन्सिलने बारीक रेघ ओढली. शांता, शांता, शांता, सुमती, सुमती. मग म्हणाली, "माझ्या आजीचं पण असंच आहे, मॅडम."

त्याआधी नोटरीकडची एक गोष्ट राहिली. प्रतिज्ञापत्रावर दोन्ही नावांनी सही हवी होती. सुमती तिने पटकन केली, पेन्शनसाठी वर्षानुवर्षं करतेय. शांताला पेन टेकवून थांबली. १९६९ नंतर ती सही तिने केलीच नव्हती. आधी मागच्या कोऱ्या कागदावर करून बघितली. पहिल्यांदा 'शां'वरचा अनुस्वार राहिला. दुसऱ्यांदा बरोबर आली, शाळेतल्या मुलीसारखी गोल अक्षरं, तिच्या नेहमीच्या तिरक्या अक्षरांशी काही नातं नसलेली. नोटरी घाई करत नव्हते. मग तिने ती प्रतिज्ञापत्रावर केली, आणि तो कोरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

बँकेने पोच दिली आहे, शिक्क्यासकट. पोर्टलमधल्या त्या 'अन्य'बद्दल मी वेगळी लेखी तक्रार दिली, तिचीही पोच घेतली. यानंतर कोणाची आई किंवा आजी त्या पानावर येईल तर तिला पहिल्या नावाची चौकट उघडी मिळावी एवढंच त्यात मागितलंय.

---

पर्वरीचा_प्रोग्रामर

ताई, मनापासून आनंद झाला. त्या तक्रारीची भाषा मला व्यक्तिगत निरोपाने पाठवाल का? आमच्या दोन फॉर्मांत तोच दोष आहे, सोमवारच्या बैठकीत मांडायचंय. समईताईंची चांदणी मी काल काढली, म्हणजे आमच्या फॉर्मातली तशीच एक. कोणालाही विचारलं नाही. कोणाचंही काही अडलं नाही.

---

रायबंदर_फेरी

पोचेवर तारीख कोणती आहे? तिथून पंधरा दिवस मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा. सोळाव्या दिवशी पैसे आले नाहीत तर इथे लिहा, पुढचं पत्र मी लिहून देतो.

---

जायांचीमाळ

खूण आईनेच केलीय. कालनिर्णयवर, लाल पेनाने, आणि बाजूला लिहिलंय 'बँक'.